आजोबांची बंदूक आणि एक दाखला

पिंपळगाव राजाच्या शिवारात रोही (नीलगायी) आणि रानडुकरं एका रात्रीत मक्याचं वावर आडवं करतात. आजोबांकडे पीकरक्षणाच्या परवान्याची जुनी बारा बोअर होती. ते वारल्यावर कायद्याप्रमाणे ती ठाण्यात जमा केली, आणि मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, वारस म्हणून आपल्या नावावर परवाना मागायचं ठरवलं.

मोठी आई गेल्यापासून मोठे बाबा गप्प होते. रात्ररात्र ओट्यावर बसायचे. ‘कायले जगाव?’ असं दोनदा-तीनदा बोलून गेले, तेव्हा अकोल्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. गावात सांगितलं, बीपी दाखवतो.

परवान्याच्या अर्जाला डॉक्टरांचा दाखला लागतो. २०१६च्या शस्त्र नियमांत त्याचा नमुनाच दिलेला आहे: मन ठीक, शरीर ठीक, नशेची सवय नाही. दाखला देणारे डॉक्टर वेगळे. त्यांनी रक्तदाब मोजला, ‘झोप लागते ना?’ विचारलं. मोठे बाबा म्हणाले, ‘लागते.’ शिक्का पडला. अकोल्याची फाईल घरी कपाटात होती. ती कोणी मागितली नाही. पोलिसांच्या चौकशीतही बहुधा गुन्हे, भांडणं, भाऊबंदकी हेच विचारलं जातं. १९५९च्या शस्त्र कायद्यात मन ठिकाणावर नसलेल्याला हत्यार बाळगायची बंदी आहे, पण ते कळणार कुठून?

अमेरिकेत हा प्रश्न फार महागात पडला. १६ एप्रिल २००७ला व्हर्जिनिया टेकमध्ये एका विद्यार्थ्यानं ३२ जणांना मारलं. तो स्वतःला धोकादायक आहे, असं कोर्टानं २००५मध्येच म्हटलं होतं. पण बंदूक विकताना जी केंद्रीय यादी तपासतात तिच्यात ती नोंद गेलीच नव्हती. नोंदी पाठवण्यासाठी २००८च्या जानेवारीत कायदा झाला. तिथंही मुख्यतः कोर्टाचे आणि सक्तीच्या उपचाराचे आदेश जातात, डॉक्टरांची टिपणं नाहीत.

मी अकोल्याच्या डॉक्टरांना विचारलं, परवाना देणाऱ्यांना तुम्हीच कळवाल का? ते म्हणाले, २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात गुप्तता हा रुग्णाचा हक्क आहे. जिवाला धोका दिसला तर गरजेपुरतं सांगता येतं. ‘पण माझे कागद परस्पर कचेरीत जायला लागले, तर परवानावाला शेतकरी माझी पायरी चढेल का?’ मला ते पटलं. बीपीचं निमित्त सांगूनच आम्ही मोठ्या बाबांना तिथवर नेलं होतं. डॉक्टर पुढं म्हणाले, ‘त्यांच्याशीच बोला. समोर बसून.’

चुलतभाऊ आणि मी बोललो. मोठे बाबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, ‘राहू द्या ठाण्यातच. डुकरं काय, फटाक्यानंबी पयतात.’ अर्ज दिलाच नाही. त्याच दिवशी फवारणीची औषधंही कुलपात ठेवली. त्यांना तर परवानाही लागत नाही, आणि आमच्या जिल्ह्यात बंदुकीपेक्षा त्यांचीच भीती जास्त.

मोठे बाबा आता वावरात जातात. गोळ्या चालू आहेत. मक्याला झटका मशीनचं कुंपण लावलं, तरी रोही उडी मारून येतात. बंदुकीचं मात्र काहीतरी करावं लागेल: मुदतीत परवाना झाला नाही किंवा ती विकली नाही, तर सरकारजमा होऊ शकते. मी विका म्हणतो. चुलतभाऊ म्हणतो, आजोबांची आहे, थांबू.