तोफ झाल्यानंतरचं पुणं

नवी कादंबरी १७९१ च्या पुण्यात घडते. घाशीराम कोतवालाचा अंत झाला, तेच हे वर्ष. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायला बंदी. सापडेल त्याला चौकीत डांबायचं. म्हणजे अख्खं शहरच बंद खोली! रहस्यकथा लिहिणाऱ्याला आणखी काय हवं?

माझ्या नायकाच्या हाताशी बोटांचे ठसे नाहीत. त्यांची कचेरी कोलकात्यात निघाली ती १८९७ मध्ये. त्याच्याकडे आहेत पाऊलखुणा, गस्तीवरच्या माणसांच्या जबान्या आणि एक मोडी पत्र. मोडी लिहिणारा सराईत कारकून आधी शिरोरेघ ओढून घेतो आणि मग शक्यतो बोरू न उचलता झरझर लिहीत सुटतो. या पत्रात मात्र बोरू अक्षरागणिक थबकलाय, जागोजागी शाई साकळलीय. पत्र कारकुनाच्या हातचं नाहीच! हा धागा सुचला त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहून मराठी माणसाला वाचनाचं वेड लावलं. माझी चाल संथ आहे, पण एक पथ्य मी कसोशीनं पाळते: नायकाला दिसलेला प्रत्येक पुरावा वाचकालाही दिसलाच पाहिजे. खून कुणी केला, हे मला ठाऊक आहे. का केला, ते त्या काळाच्या माणसांना समजून घेऊनच लिहायचंय.