हलक्या माणसाचे वजन

माझी उंची चार फूट नऊ इंच आणि वजन ४३ किलो. ‘वाऱ्याने उडून जाल हो’ हे आयुष्यभर ऐकत आल्यामुळे आपला भार कोणाला होत असेल, हा विचार माझ्या मनाला कधी शिवलाच नाही. गेल्या वर्षी, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, एका तट्टाने मला तो करायला लावला.

माझी नात पुण्याजवळच्या एका तबेल्यात घोडेस्वारी शिकते. तिची ने-आण माझ्याकडे. ती राघू नावाच्या ४६ इंच उंचीच्या तट्टावर शिकली. पुढे ती उंच झाली, मोठ्या घोड्यावर बसू लागली आणि राघूच्या पाठीवर रोज नवी मुले आली. एकाच वेळी टाच मारायची आणि लगामही ओढायचा, अशा उलटसुलट आज्ञांनी ते जनावर गोंधळले आणि अखेर त्याने ऐकणेच सोडले. मध्येच फाटकाकडे वळावे, मान खाली घालून मुलाला पुढे खेचावे, असे सुरू झाले. त्याला विकण्याची भाषा होऊ लागली.

तिथले चाबुकस्वार एकदा म्हणाले, “याला पुन्हा फेरायला हवं. माझं वजन त्याला झेपायचं नाही. आजी, तुमच्यासारखं हलकं, जाणतं माणूस बसलं तर सुधारेल.”

आजोळी, भीमेकाठी, मी लहानपणी धनगरांच्या तट्टांवर बिनखोगिराची बसत असे. ती आठवण अंगात सळसळली. घरी सांगताच मुलगी म्हणाली, “आई, पडलीस तर?” मला राग आला. पण तिने नुसते ‘नको’ म्हटले नाही. “दोघांची तपासणी करू, तुझी आणि त्याचीही,” असे ती म्हणाली.

आधी राघूची. घोड्याचे वजन मोजपट्टीने अदमासता येते. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,९०० ने भागावे. राघूचा घेर १४२, लांबी १२८. वजन आले सुमारे २१७ किलो. स्वार आणि सारे सामान मिळून भार जनावराच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. तोही सुदृढ, पूर्ण वाढलेल्या जनावरासाठी. वृद्ध किंवा अशक्त जनावराला त्याहून कमी. म्हणजे राघूची मर्यादा ४३ किलो. माझे वजन नेमके तेवढेच! पण खोगीर, रिकिबी, शिरस्त्राण आणि बूट यांचे सात किलो धरले, तर मी राघूला जड होते. २८० किलोच्या धष्टपुष्ट तट्टाने मला सहज वाहिले असते. तेव्हा लहान चणीच्या प्रौढाला तट्टावर बसता येते का, याचे उत्तर ‘हो’ असे आहे. पण कोणत्या तट्टावर, हे मोजून ठरवावे. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नये.

मग माझी पाळी. हाडांच्या घनतेची डेक्सा चाचणी केली. टी-स्कोअर वजा २.५ किंवा त्याखाली गेला की अस्थिसुषिरता म्हणतात. माझा वजा २.७ निघाला. लहान चणीच्या, रजोनिवृत्ती उलटलेल्या स्त्रियांना हा धोका अधिक असतो. ज्या हलकेपणाचा मला अभिमान होता, त्यानेच हाडे पोकळ होण्याला हातभार लावला होता. डॉक्टर म्हणाले, “घोड्यावरून पडणं तुम्हाला परवडणार नाही. पण चाला, भरपूर चाला. पायांवर भार पडेल तो व्यायाम हाडांना हवाच आहे.”

चार दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. पाचव्या दिवशी चाबुकस्वारांनीच वाट काढली. “बसू नका. शेजारी चालून शिकवा.”

तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, वीस-वीस मिनिटे, मी राघूसोबत रिंगणात चालते. मी निघाले की त्याने निघायचे, थांबले की थांबायचे. फाटकाजवळून जाताना माझ्याकडे लक्ष ठेवायचे. एका वेळी एकच आज्ञा, तीही सदैव त्याच शब्दात, आणि ऐकले की तत्काळ दोरी सैल. डोक्यावर शिरस्त्राण, पायात घट्ट बूट असतात. दोरी हाताला कधी गुंडाळायची नाही, त्याच्या मागच्या पायांशी उभे राहायचे नाही आणि चाबुकस्वार जवळ नसताना हे काम करायचेच नाही, असे नियम आहेत.

तीन महिन्यांनी २५ किलोची एक चिमुरडी त्याच्यावर बसली. तिने हलकेच लगाम घेतला आणि राघू थांबला. विकण्याची गोष्ट मागे पडली.

वृद्धांची काळजी वाहणाऱ्यांनो, ‘नको’ हा शब्द सोपा असतो. ‘किती आणि कसे चालेल’ हे शोधायला वेळ द्यावा लागतो. माझ्या मुलीने तो दिला. आणि समवयस्कांनो, कधीकधी जमिनीवर उतरूनच आपले काम अधिक नीट होते.

परवा माझा गुडघा दुखत होता. मी वाटेत थांबले. राघूही थांबला, आणि मी निघेपर्यंत तसाच उभा राहिला.