पांढरी पाचच्या जरा वर

अ‍ॅम्प रिक्षातून आणला. बाणेरपासून सदाशिव पेठेपर्यंत तो माझ्या मांडीवर होता, १४ किलोचा ऐवज, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला त्याच्या पोटातून झण्ण असा आवाज यायचा. तिसऱ्या वेळी रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं, "काही फुटलं का हो?" फुटलं नव्हतं. त्या रिव्हर्बच्या स्प्रिंगा होत्या. पेटीच्या तळाशी पत्र्याच्या चपट्या डब्यात त्या ताणून बसवलेल्या असतात. गिटारचा आवाज त्यांच्यातून फिरवून आणला की देवळाच्या गाभाऱ्यात वाजवल्यासारखा घुमतो. हे मी रिक्षावाल्याला सांगायला लागलो, पण तेवढ्यात सिग्नल सुटला.

विकणारे गृहस्थ न्यू जर्सीहून कायमचे परतलेले. २०१२ साली तिकडे नवा घेतलेला फेंडर ब्लूज ज्युनियर, काळा, बारा इंची स्पीकर, सोबत व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर. सगळं मिळून ३२ हजार. त्यांनी पाच मिनिटं स्वतः वाजवून दाखवलं, मी पाच मिनिटं वाजवलं, आणि घासाघीस करायची असते हे मी विसरूनच गेलो. पैसे दिल्यावर लगेच उचलायला गेलो तर म्हणाले, "थांबा, गार होऊ द्या. तापलेल्या ट्यूबला धक्का नको." म्हणून चहा झाला, मग पोहेही झाले.

कॉलेजात असताना मी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. गिव्हसनची गिटार, आणि अ‍ॅम्प कुठला, मांडवाच्या आहुजामध्येच आमची वायर खुपसायची. त्याच अ‍ॅम्प्लिफायरवर आरती, त्याच्यावरच हरवलेल्या मुलाची घोषणा आणि त्याच्यावरच माझं ‘दम मारो दम’. मूळ गाण्याच्या सुरुवातीची ती गिटार भूपिंदर सिंग यांची. तसा आवाज आपल्याला का येत नाही, याचं खापर मी बरीच वर्षं माझ्या बोटांवर फोडलं. निम्मं खापर बरोबर जागी फुटलं होतं, हे आता कळतंय. पण उरलेल्या निम्म्यासाठी तरी एकदा ट्यूबचा अ‍ॅम्प घरात आणायचाच होता.

आईला सांगितलं, ट्यूबवाला आहे. ती म्हणाली, "ट्यूब कशाला, एलईडी का नाही घेतलास?"

हॉलमध्ये लावला. बटण वर केलं, लाल काचेचा मणी पेटला आणि पुढे काहीच नाही. मी तारेवर पिक मारतोय, आवाज शून्य. दहा सेकंद, पंधरा सेकंद. मराठीत एखाद्याची ट्यूब उशिरा पेटते म्हणतात ते चोकवाल्या दिव्यावरून, पण या ट्यूबचीही तीच गत. आतली बारीक तार लाल व्हावी लागते, तिच्या उष्णतेनं धातूच्या नळीतून इलेक्ट्रॉन सुटावे लागतात, तेव्हा कुठे काम सुरू होतं. मी मागच्या बाजूला उकिडवा बसून बघत होतो. याच्यात पाच ट्यूब, म्हणजे व्हॉल्व्ह, आहेत, तीन छोटे आणि दोन मोठे, आणि ते वटवाघळासारखे उलटे लटकतात. मोठ्या दोघांच्या पोटात नारिंगी उजेड दिसायला लागला. पाठोपाठ वास आला. तापलेल्या धुळीचा, थोडा मेणाचा, थोडा जुन्या लाकडाचा.

तो वास स्वयंपाकघरापर्यंत गेला असणार, कारण आई हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अण्णांचा रेडिओ."

अण्णा म्हणजे तिचे वडील. त्यांचा रेडिओ मी पाहिलेला नाही, ऐकलाय मात्र खूप: पोस्टात जाऊन त्याचं लायसन भरायचं, बातम्यांच्या दोन मिनिटं आधी लावून ठेवायचा म्हणजे बातम्यांपर्यंत तापतो, स्टेशन नीट लागलं की समोरचा हिरवा डोळा मिटत यायचा, आणि मुलांनी हात लावायचा नाही. ती आली आणि माझ्याशेजारी मागच्या बाजूनंच बघत बसली. तेवढ्यात अ‍ॅम्पला कंठ फुटला. गिटार मी अजून वाजवलीच नव्हती, आवाज होता तो नुसता घूंऽऽ.

बारीक गुणगुण असते हे ऐकून होतो. ही बारीक नव्हती. तारांवर पंजा ठेवला की कमी व्हायची, उचलला की पुन्हा जोरात. मी बटणं फिरवतोय, वायर काढून घालतोय, आणि आई डोळे मिटून ऐकतेय. ती लग्नाआधी सहा वर्षं गाणं शिकलीय. म्हणाली, "पांढरी पाचला लागलंय. नाही, पांढरी पाचच्या जरा वर."

मी हसलो आणि मग गिटारवर ताडून पाहिलं. जाड तारेचा तिसरा पडदा म्हणजे पांढरी पाच. तो वाजवला तर अ‍ॅम्पची घूं आणि तार एकमेकींत मिसळून वँव-वँव अशी लाट यायला लागली, सेकंदाला साधारण दोन. आपल्या विजेची कंपनं सेकंदाला ५० आणि यंत्रात ती गुणगुणतात मुख्यतः त्याच्या दुप्पट, म्हणजे १००. तिसऱ्या पडद्याचा सूर ९८. फरक दोनचा, म्हणून लाटा दोन. आईचा कान बरोबर होता. मग माझ्या लक्षात आलं की अमेरिकेत वीज ६० कंपनांची. म्हणजे हाच अ‍ॅम्प न्यू जर्सीत १२०वर गुणगुणत असणार, काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधे कुठेतरी, जिथे बाजाच्या पेटीवर पट्टीच नाही. पुण्यात येऊन तो निदान सुराच्या आसपास तरी आला. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग अजून जरा खाली आण की."

दुसऱ्या दिवशी फरशी पुसल्या पुसल्या अनवाणी वाजवायला बसलो आणि तारांवर हात टेकला तर मनगटापर्यंत झिणझिण्या. दचकून गिटार सोडली. खिडकीच्या गजाला एक बोट आणि तारांना एक बोट लावून पाहण्याचा मूर्खपणाही केला. तेव्हा चांगलाच चटका बसला. अ‍ॅम्प बंद केला, पिन भिंतीतून उपटली आणि तपकीर गल्लीतल्या एका काकांना फोन केला. ते पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता करत नाहीत, पण कुणी व्हॉल्व्हचं नाव काढलं तर नाहीही म्हणत नाहीत.

सगळं त्यांच्याकडे नेलं, तर काकांनी अ‍ॅम्पकडे पाहिलंच नाही. आधी ट्रान्सफॉर्मरचं खोकं उचललं. अमेरिकन पिनेला तीन पाय असतात, दोन चपटे आणि एक गोल. खोक्याला भोकं दोनच. म्हणून आधी कुणीतरी मधे एक कन्व्हर्टर अडकवला होता, आणि त्यात तो गोल पाय नुसता हवेत लोंबत होता. "साहेब, हा पाय म्हणजे अर्थिंग," काका म्हणाले. "हा कापला की तुम्हीच अर्थिंग." त्यांनी तीन भोकांचं सॉकेट बसवलं, खोक्यातून भिंतीपर्यंत तीन तारांची केबल टाकली आणि मला घरातली अर्थिंग तपासून घ्यायला सांगितलं.

मग त्यांनी अ‍ॅम्प उघडला. मला एक हात खिशात घालून उभं राहायला लावलं. आत ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि पिन काढली तरी कपॅसिटरमध्ये तो टिकून राहतो. तो उतरवून त्यांनी आत डोकावलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "अहो, हे तर ईएल ८४. हे रेडिओतलंच." ड्रॉवर उघडून पुठ्ठ्याचा एक खोका काढला. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले व्हॉल्व्ह, त्यांच्या काचेवर बेलचा शिक्का, बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. घरोघरी व्हॉल्व्हचे रेडिओ होते त्या काळातले. मी त्यांना सांगितलं की ज्यानं या अ‍ॅम्पची कंपनी काढली तो लिओ फेंडरही मुळात रेडिओ दुरुस्त करणाराच. १९३८मध्ये कॅलिफोर्नियात फुलर्टनला त्याचं दुकान होतं, आणि त्याला गिटार वाजवता येत नव्हती. काका म्हणाले, "मला तरी कुठं गाता येतं? रेडिओ चालला म्हणजे झालं."

चालू करून त्यांनी ब्रशच्या लाकडी दांड्यानं एकेका व्हॉल्व्हला टिचकी मारली. कडेच्या छोट्या व्हॉल्व्हला मारली तेव्हा स्पीकरमधून टिंऽग असा घंटेसारखा आवाज आला. आतले भाग सैल झाले की व्हॉल्व्ह स्वतःच माइकसारखा वागायला लागतो. छोटे तिन्ही एकाच जातीचे असल्यामुळे त्यांनी बंद करून, गार होऊ देऊन, पहिला काढून शेवटी लावला आणि शेवटचा पहिल्या जागी. पहिल्या जागेवरचा आवाज पुढे सगळ्यात जास्त मोठा होत जातो, म्हणून तिथे धडधाकट पाहिजे. मजुरी साडेतीनशे. केबल आणि सॉकेटचे वेगळे.

घरी वायरमननं तपासलं तर आमच्या जुन्या इमारतीत खरी अर्थिंग एकाच पॉइंटला निघाली, स्वयंपाकघरातल्या १५ अँपियरच्या. हॉलची व्यवस्था होईपर्यंत आठ दिवस अ‍ॅम्प फ्रीजशेजारी स्टुलावर राहिला, आणि मी त्याला खऱ्या अर्थानं ऐकलं ते तिथे, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे. फ्रीजचा कंप्रेसर सुरू झाला की स्पीकरमधून खट्ट व्हायचं. एका ठरावीक सुराला मांडणीवरची परात थरथरायची. "ए, ती परात आधी खाली काढ," आई म्हणायची, "मग काय ते तुझं चालू दे."

पंधरा वॉट हा आकडा फसवा आहे. आमच्या बाथरूमचा दिवासुद्धा जवळपास तेवढाच. पण कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर ताकद साधारण दहापट लागते. म्हणजे दीडशे वॉटचा अ‍ॅम्प याच्या फक्त दुप्पट मोठा वाटेल. बारापर्यंत आकडे असलेल्या त्या बटणावर मी तीनला पोचलो, तोच खालच्या काकूंचा फोन आला. रागावल्या नव्हत्या. गणपतीची प्रॅक्टिस का, असं विचारत होत्या.

त्या तीनच्या खालीही पुष्कळ काही आहे. मला वाटलं होतं की ट्यूबचा आवाज म्हणजे मऊ, गोड, तुपातला. तसा नाही. हलकं वाजवलं तर काचेसारखा स्वच्छ, आणि त्याच जागी पिक जरा जोरात लागलं की आवाजाला खरखरीत कड येते, एखाद्या गवयाचा आवाज तार सप्तकात ताणल्यावर येते तशी. बटणाला हात लावायचा नाही. सगळं उजव्या मनगटात. गिटारवरचा आवाज थोडा उतरवला की कड जाते, चढवला की परत येते. माझी वर्षानुवर्षांची सवय एकाच जोरात खाड खाड वाजवायची, कारण आहुजाला त्यातलं काही कळायचं नाही. इथे कळतं, आणि ऐकू येतं ते फार सुखद नसतं. पहिले चार दिवस मी माझ्याच उजव्या हातावर वैतागलेलो होतो.

पेटी लहान आहे, त्यामुळे खालचे सूर फार खोल जात नाहीत. जमिनीवर ठेवला तर थोडा फुगतो, स्टुलावर मोकळा होतो, भिंतीच्या कोपऱ्यात ढकलला तर घुमतो. मला स्टुलावरचा पटला. रिव्हर्ब दोनच्या पुढे नेला की आडात तोंड घालून गायल्यासारखं होतं. न्यू जर्सीवाल्यांनी तो सातला ठेवला होता, का ते देव जाणे. ‘फॅट’ नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की मधले सूर पुढे येतात आणि आवाजाला पोट सुटतं. ते मी दाबून पाहिलं आणि परत वर केलं. एक गंमत लहान मुलांनी लगेच शोधून काढली: अ‍ॅम्प चालू असताना पेटीला थाप मारली की स्प्रिंगा हिंदकळतात आणि वीज कडाडल्यासारखा आवाज होतो. भाचे आले की हल्ली गिटार बाजूलाच राहते.

घूं आता पुष्कळ कमी झालीय, पण गेलेली नाही. रात्री फ्रीज थांबला की ऐकू येते. आईनं एकदा तिच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पट्टी फिरवून फिरवून त्या घूंला जुळवली आणि दहा मिनिटं यमन गायली. मी मधे एक सूर लावून पाहिला, तर तिनं हातानंच थांब म्हटलं.

बंद करताना मी एकदा तार छेडली आणि ती वाजत असतानाच बटण खाली केलं. आवाज तुटला नाही. कपॅसिटरमधली वीज उतरेपर्यंत दोन-तीन सेकंद तो टिकला, फाटत, लहान होत, मग गेला. आई भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "अण्णा मधेच बंद करायचे ना, तेव्हा बातम्या देणारा असाच जायचा."

मी परत लावला. पुन्हा पंधरा सेकंद.