फुलंब्रीच्या पाण्यावरून पाहुणे निघाले

वसंत ऋतू आला की युरोपात पक्षी येतात आणि आपल्याकडून पक्षी जातात. स्कॉटलंडसारख्या थंड मुलखात एप्रिल उजाडला की लोक आभाळाकडे डोळे लावून बसतात. आफ्रिकेतून परत आलेली पहिली भिंगरी कोणी, कुठे आणि कोणत्या तारखेला पाहिली याची तिथे हौसेने नोंद होते. ही नोंद करणारे सारेच शास्त्रज्ञ नसतात. त्यांत शाळकरी मुले असतात आणि कामावरून निवृत्त झालेली साधी माणसेही असतात. आपल्या मराठवाड्यात त्याच दिवसांत उलटा प्रकार चालू असतो. हिवाळाभर तळ्याधरणांवर राहिलेले पाहुणे परतीच्या वाटेला लागतात. ते कधी आले, किती होते आणि कधी गेले हे लिहून ठेवणारा आपल्या वस्तीत सहसा कोणी नसतो. पाहणारे मात्र पुष्कळ असतात. हा लेख त्या पाहणाऱ्यांसाठी आहे.

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, सिल्लोडकडे जाणाऱ्या एस.टी.त बसले की वाटेत फुलंब्री लागते. अजिंठ्याला जाणाऱ्या आपल्या सहली याच रस्त्याने जातात. मुलांना लेणी दाखवायची घाई असते, त्यामुळे फुलंब्री खिडकीतूनच मागे पडते. माघ-फाल्गुनात एकदा तिथे मुद्दाम उतरावे. कपाशी, मका आणि आल्याचा हा तालुका. गिरिजा नदी इथून वाहत जाऊन पुढे पूर्णेला मिळते. फुलंब्री, वाकोद, सांजूळ येथे मध्यम प्रकल्प आहेत आणि गावोगावी पाझर तलाव आहेत. पैठणच्या नाथसागरापुढे हे पाणी ओंजळभरच. पण पक्ष्याला पाण्याच्या मोठेपणाशी कर्तव्य नसते. त्याला हवे असते उथळ पाणी, ओला चिखल आणि त्यात सापडणारे किडे, शंखशिंपले, गवताचे बी. आपल्याकडच्या लहान तलावांच्या काठावर हे सारे असते.

हिवाळ्यात अशा काठावर सकाळी सात-आठच्या सुमारास उभे राहिले तर बिनदुर्बिणीनेही बरेच काही दिसते. फावड्यासारख्या चपट्या चोचीने पाणी गाळत फिरतो तो थापट्या. मान उंच आणि शेपटी टोकदार ते तलवार बदक. नारिंगी रंगाची जोडी दिसली तर तो चक्रवाक. लांबलचक लाल पायांवर चालतो तो शेकाट्या, आणि चिखलात चोच खुपसत पळतो तो तुतारी. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला वारकरी घोळक्याने पोहत असतो. वरून पंख पसरून घिरट्या घालतो तो भोवत्या, म्हणजे या सर्वांची झोप उडवणारा शिकारी.

यांतले थापटे आणि तलवार बदके मध्य आशिया आणि सैबेरियाकडून येतात. थंडी वाजते म्हणून ते येतात असे आपण समजतो, पण पिसांचे पांघरूण त्यांना पुरेसे असते. खरी अडचण अन्नाची. तिकडे तळी गोठली की चोच घालायला पाणी उरत नाही. मग उन्हाळ्यात परत का जातात? कारण तिकडे त्या वेळी दिवस फार मोठा असतो, किड्यांचा सुकाळ असतो आणि पिले वाढवायला मोकळी जागा असते. म्हणजे कामाच्या शोधात गाव सोडणे आणि हंगाम संपताच घरी परतणे हे जसे आपल्या ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना चुकत नाही, तसे ते यांनाही चुकत नाही.

या सर्वांत थोर प्रवासी म्हणजे पट्टकदंब. हा राखी रंगाचा हंस. डोक्यावर दोन काळे पट्टे, त्यावरून हे नाव. तिबेट, लडाख आणि मंगोलियाच्या तळ्यांकाठी त्याची घरटी असतात. हिमालय ओलांडताना तो सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडाल्याचे यंत्राने नोंदले गेले आहे. मंगोलियात शास्त्रज्ञांनी गळपट्टे घातलेले पट्टकदंब भारतात दिसल्याचीही नोंद आहे. जायकवाडीच्या पाण्यावर तो हिवाळ्यात येतो. जुन्या ग्रंथांतला हंस म्हणजे हाच असावा असे अनेक अभ्यासक मानतात. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्याच्या छतावर हंसांची रांग रंगवलेली आहे आणि सतराव्या लेण्यात हंस जातकाचे चित्र आहे. छतावरच्या रांगेतला प्रत्येक हंस वेगळ्या ढंगात आहे. कोणी मान वळवली आहे, कोणी पंख उचलला आहे. ती चित्रे काढणाऱ्या कारागिरांनी काठावर बसून जिवंत पक्षी नीट पाहिले होते, याची साक्ष त्या भिंतीच देतात. पुढच्या सहलीत मुलांना हे जरूर दाखवावे.

पक्ष्यांच्या मराठी नावांकडेही लक्ष द्यावे. शेपटी वरखाली आपटत पाण्याच्या काठी फिरतो तो धोबी किंवा परीट. पाने शिवून घरटे करतो तो शिंपी. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा टुकटुक करतो तो तांबट. झाड टोकरतो तो सुतार. विणते ती सुगरण. ही नावे कोणा पंडिताने दिलेली नाहीत. हाताने काम करणाऱ्यांनी आपल्यासारखेच काम करणारा जीव ओळखला आणि त्याला आपले नाव दिले. सोलापूरचे मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्यात नोकरी करताना जंगलात राहणाऱ्या आदिवासींकडून अशी कितीतरी नावे आणि माहिती ऐकून वहीत उतरवली, म्हणून ती आज मराठीत टिकली आहेत. सांगणारे होते आणि लिहिणारा भेटला. जिथे लिहिणारा भेटला नाही, तिथली नावे म्हाताऱ्या माणसांबरोबर गेली.

आपल्या घरांतही असे ज्ञान होते. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माचा उभा राहायचा आणि राखणीला मजूर लागायचा. बहुधा त्या माचावर आपल्याच आया, आज्या आणि शाळा बुडवून बसवलेली लेकरे असत. हातात गोफण, पुढे दगडांचा ढीग आणि समोरून येणारे भोरड्यांचे थवे. भोरडी म्हणजे गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना. ती पावसाळा सरता सरता येते आणि पळस, पांगारा, सावर फुलली की त्यांच्या फुलांवर तुटून पडते. फुलांतला रस पिऊन तिच्या डोक्याला पिवळी परागधूळ माखते. एप्रिलमध्ये ती मध्य आशियाची वाट धरते. थवा कोणत्या दिशेने उतरणार, किती वाजता उतरणार आणि आभाळात ससाणा दिसला की कसा वळणार, हे त्या राखण करणाऱ्या बाईला पाठ असे. तिला कोणी पक्षीतज्ज्ञ म्हटले नाही. दिवसाची मजुरी मिळाली, तेवढेच.

आज फुलंब्रीकडे ज्वारीच्या जागी बहुतेक कपाशी आणि मका दिसतो. राखण गेली, गोफण गेली. लेकरांची शाळा बुडत नाही ही चांगलीच गोष्ट झाली, त्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. पण राखणीबरोबर ती नजरही चालली आहे, तिची मात्र काळजी वाटते. भोरडी धान्य खाते हे खरे, पण टोळ आणि नाकतोडेही ती अफाट खाते. चीनच्या शिनजियांग प्रांतात तिने कुरणांतले टोळ खावेत म्हणून तिच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून घरट्यांची सोय करतात. आपण जिला दगड मारून हाकलले, तिला तिकडे दगड रचून बोलावतात.

डोळ्यांनी पाहण्याची सवय लागली की आणखी एक लाभ होतो. रात्री टिटवी ओरडली की घरात कोणी दगावणार, असे अजून काही घरांत म्हटले जाते. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते. कुत्रे, कोल्हे किंवा माणूस जवळ आला की ती ओरडून त्याला दूर नेते. आई आपल्या लेकरांचे रक्षण करते, त्यात अपशकुन कसला? चातक केवळ पावसाचे थेंब पितो हेही तसेच. तो मुख्यतः सुरवंट खातो. त्यांतले कित्येक आफ्रिकेतून मोसमी वाऱ्यांबरोबर आपल्याकडे येतात, म्हणून जूनमध्ये त्यांचा आवाज ऐकू येतो. ऐकीव गोष्ट सोडून स्वतः तपासून पाहावे, ही शिकवण आपल्याला नवी नाही.

आता अवघड गोष्ट. फेब्रुवारी-मार्चमध्ये धरणाचे पाणी ओसरते आणि काठाची गाळाची जमीन उघडी पडते. ती एका हंगामापुरती भाड्याने मिळते. तिलाच आपण गाळपेर म्हणतो. ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही अशा कुटुंबांना आणि धरणात शेती गेलेल्यांना तिचा आधार असतो. काकडी, कलिंगड, मका यांवर दोन पैसे सुटतात. परतीच्या प्रवासाला निघालेल्या पक्ष्याला नेमक्या त्याच दिवसांत, त्याच चिखलातून अंगावर चरबी साठवायची असते. तेव्हा पक्ष्यांसाठी गाळपेर बंद करा असे कोणी शहरातून म्हणेल, तर ते आपल्याला मान्य होणार नाही. भूमिहीनाच्या पोटावर पाय ठेवून केलेले संरक्षण टिकत नाही. पण पाण्याला लागून काही पावले पट्टा न नांगरता सोडता येतो. तिथे विषारी औषध फवारणे टाळता येते. ते औषध शेवटी पाण्यात उतरते. मासे तेच पाणी पितात आणि गावाच्या नळालाही पुष्कळदा तेच पाणी येते. पक्षी कमी झाले तर ती पहिली सूचना समजावी, पुढचा नंबर आपल्या मुलांचा असतो.

पाणीच नसेल तर वादही उरत नाही. २०१६ च्या ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या वर्षी जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला होता. १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या त्या सागराची ही गत, तर आपल्या पाझर तलावांचे काय? अशा वर्षी पाहुणे किती आले आणि केव्हा निघून गेले याची गावागावांतली नोंद असती तर ती आज मोलाची ठरली असती.

म्हणून एक साधे काम सुचवावेसे वाटते. चाळीस पानांची वही घ्यावी. तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या असे पाच रकाने आखावेत. नाव माहीत नसेल तर रंग, चोच, पाय आणि चाल लिहावी. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या पक्ष्याला काय म्हणतात ते विचारावे आणि तेही लिहावे. सूर्य पाठीशी ठेवावा, भडक कपडे टाळावेत, काठापासून दूर बसावे, घरट्याला हात लावू नये. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, ती १९८७ पासून चालू आहे. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. चितमपल्ली आणि डॉ. सालिम अली यांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा. शाळेतल्या गुरुजी-बाईंना वही दाखवायला हे दिवस चांगले.

यंदाचे पाहुणे जाण्याच्या बेतात असतील. चैत्र संपेपर्यंत धोबी दिसेल, भोरड्यांचा शेवटचा थवा दिसेल, तारेवर बसलेल्या भिंगऱ्या दिसतील. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन जवळच्या तलावावर जावे आणि पहिल्या पानावर पहिली ओळ लिहावी. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाहुणे परत येतील तेव्हा त्यांची वाट पाहणारे, त्यांना नावाने ओळखणारे एक तरी घर आपल्या वस्तीत असावे.