रस्त्याच्या पलीकडची शाळा

नगरच्या दाळमंडईत चाळीस वर्षे भुसार मालाची आडत केलेल्या एका गृहस्थांना गोदामाची क्षमता नुसत्या नजरेने सांगता येत असे. दारात उभे राहून थप्प्यांकडे एकवार पाहिले की आणखी किती पोती बसतील, हे ते मापाड्याच्या आधी सांगत. जागा पाहिल्याखेरीज मालाचा सौदा करावयाचा नाही, हा त्यांच्या पेढीचा वडिलोपार्जित शिरस्ता. नातवंडे त्यांना दादाजी म्हणतात. येथेही तेवढे नाव पुरे.

गेल्या हिवाळ्यात दादाजी आणि दादीजी मुलाकडे कॅलिफोर्नियात राहावयास गेले. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील एका उपनगरात मुलाचे घर आहे. घर लहान, किंमत मात्र डोळे फिरवणारी. ती किंमत भिंतींची किंवा अंगणाची नव्हती. ती होती त्या पत्त्याला लागू होणाऱ्या हायस्कुलाची. अमेरिकेत सरकारी शाळेचा प्रवेश पत्त्यावरून ठरतो. नकाशावर रेघ ओढलेली असते; रेघेच्या आत घर असेल तर ती शाळा, बाहेर असेल तर दुसरी. घर घेताना मुलाची पहिली रक्कम अपुरी पडत होती, म्हणून दादाजींनी स्टेशन रोडकडचे जुने गोदाम विकले आणि रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला घालून दिलेल्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत राहून, सर्व कर चुकते करून पैसे पाठविले. ‘नातीचे शिक्षण होईल, गोदामाचे सार्थक झाले,’ असे त्यांनी त्या वेळी दादीजींना सांगितले होते.

नात आठवीत होती. पुढच्या वर्षी ती त्या हायस्कुलात जावयाची, आणि नेमक्या त्याच वर्षी शाळा मंडळाचे पत्र आले. हायस्कुलात मुले मावत नाहीत, सबब हद्द बदलण्याचा विचार आहे. नवी रेघ यांच्याच घरासमोरच्या रस्त्यावरून जात होती. रस्त्याच्या पूर्वेकडील घरे आत राहिली, पश्चिमेकडील बाहेर गेली. यांचे घर पश्चिमेस. नातीची जिवलग मैत्रीण समोरच्याच घरात राहते.

दादाजी दुसऱ्याच दिवशी पायी जाऊन ते हायस्कूल पाहून आले. खेळाच्या मैदानाचा एक पट्टा तात्पुरत्या खोल्यांनी भरलेला होता. या खोल्या ट्रकवरून आणून ठेवतात, त्यांना पोर्टेबल म्हणतात, आणि तात्पुरत्या म्हणून आलेल्या त्या खोल्या वीस-वीस वर्षे हलत नाहीत. ‘गोदाम भरले, आता माल ओट्यावर ठेवतायत,’ असे त्यांनी घरी येऊन सांगितले. तक्रार खरी होती, त्यात शंका नाही. प्रश्न एवढाच होता, की गोदाम भरेपर्यंत माल येऊ कोणी दिला?

याचे उत्तर शोधू जाता त्यांना जे कळले त्याने ते अधिकच चकित झाले. घरे बांधण्यास परवानगी देते नगरपालिका, आणि त्या घरांतील मुलांना बसविण्याची जबाबदारी शाळा मंडळाची. दोन्ही संस्था निरनिराळ्या, दोहोंच्या निवडणुका निरनिराळ्या, तिजोऱ्याही निरनिराळ्या. एवढ्यावर भागत नाही. १९९८ च्या एका राज्य कायद्याने बिल्डरांकडून शाळांसाठी घ्यावयाच्या शुल्कास मर्यादा घातली आणि शाळा अपुऱ्या आहेत या कारणावरून घरबांधणी नाकारण्याचा नगरपालिकेचा अधिकारही काढून घेतला. म्हणजे सौदा एकाने करावा आणि माल उतरवून घेण्याची जागा दुसऱ्याने शोधावी. अशी पेढी दाळमंडईत एक हंगाम टिकली नसती. नव्या इमारतीसाठी कर्जरोखे काढावयाचे तर मतदारांकडे जावे लागते. २००० सालापासून ही अट दोन-तृतीयांशावरून ५५ टक्क्यांवर आली, हे खरे. पण ज्यांची मुले शिकून बाहेर पडली त्यांना आपल्या कराची अधिक चिंता असते, यात नवल ते काय?

करावरूनही एक गंमत निघाली. १९७८ च्या तेराव्या प्रस्तावाने तेथील मालमत्ता कर खरेदीच्या किमतीच्या मूळ एक टक्क्याशी बांधला आहे आणि करपात्र मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढविता येत नाही. परिणामी चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेले शेजारचे वृद्ध जोडपे जो कर भरते, त्याच्या कित्येक पट कर हा मुलगा भरतो. मत मात्र त्या जोडप्याला आहे, याला नाही. रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक वाटा नाही, या नियमामुळे तो दहा वर्षांहून अधिक काळ रांगेत आहे. आणि ग्रीन कार्ड मिळाले तरी मत मिळावयाचे ते नागरिकत्वानंतरच. उपसागरापलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत २०१६ साली मतदारांनी नागरिक नसलेल्या पालकांनाही शाळा मंडळापुरते मत दिले, पण ते त्या शहरापुरते. येथे हाती राहिली ती सभेत बोलण्याची मुभा.

सभा संध्याकाळी साडेसहाची. हिवाळ्यात तेथे सूर्य पाचच्या आतबाहेर मावळतो. ‘पप्पाजी, चौविहार आटोपून घ्या, सहाला निघावं लागेल,’ असे सूनबाईंनी साडेचारलाच सांगितले. सभागृहात उभे राहावयास जागा नव्हती. शेजारच्या फ्रीमाँट शहराची जुनी कथा तेथे जमलेल्या बऱ्याच जणांच्या तोंडी होती. २००० साली तेथील मंडळाने वायबेल प्राथमिक शाळेचा परिसर नावाजलेल्या मिशन सॅन होझे हायस्कुलाकडून काढून अर्व्हिंग्टन हायस्कुलाला जोडला. राज्याने नुकतेच, १९९९ मध्ये, प्रत्येक शाळेला २०० ते १००० या मोजपट्टीवर गुण देण्यास आरंभ केला होता, आणि त्या गुणांकडे पाहून आशियाई कुटुंबांनी घरे घेतली होती. पालक इतके संतापले की आपला भाग तोडून स्वतंत्र शाळा जिल्हा काढावा, अशी मागणी पुढे आली. ती फळास गेली नाही. ती गुणपद्धतीही पुढे बंद पडली. आता खाजगी संकेतस्थळे दहापैकी गुण देतात आणि लोक तितक्याच श्रद्धेने ते पाहतात.

प्रत्येक वक्त्याला तीन मिनिटे मिळावयाची होती. चिठ्ठ्या शंभरावर गेल्या, तेव्हा ती एका मिनिटावर आली. पाच सदस्य ऐकत होते, कोणाच्याही प्रश्नाला उत्तर देत नव्हते. दादाजींना तो उद्धटपणा वाटला. वस्तुतः तेथील ब्राउन कायद्याप्रमाणे सभेची कार्यपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि तिच्यावर नसलेल्या विषयाची चर्चा मंडळाला करता येत नाही. हद्दीचा विषय त्या दिवशी पत्रिकेवर नव्हता, पुढच्या सभेत यावयाचा होता. बंद दाराआड सौदे होऊ नयेत म्हणून केलेला हा कायदा. पण समोर बसलेल्या बापाला त्यातून दिसते ते केवळ पाच दगडी चेहरे.

मुलाची पाळी आली. एरवी तो मितभाषी. त्या दिवशी मिनिट संपत आले तसा त्याचा आवाज चढला आणि तो म्हणाला, की आमची मुले मेहनती आहेत, त्यांना त्या शाळेत टाकणे म्हणजे त्यांचे नुकसान करणे होय. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. दादाजींनी त्यांना ओळखले. मिल्पिटासच्या जैन भवनात दर रविवारी पाठशाळेचा वर्ग घेणाऱ्या त्या ताई. त्यांच्याच वर्गात नात प्रतिक्रमणाची सूत्रे शिकत होती. त्यांची मुलगी ‘त्या’ शाळेत अकरावीला होती. ताईंनी कोणाचे नाव घेतले नाही. ‘माझी मुलगी घरी बसून ही सभा पाहते आहे,’ एवढेच त्या इंग्रजीत म्हणाल्या, आणि मिनिट पुरे होण्याआधीच बसल्या.

परतताना गाडीत कोणी बोलले नाही. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, ‘पप्पा, मी खोटं काय बोललो? त्या शाळेचे गुण कमी आहेत, हे कागदावर आहे.’ दादाजींना लगेच काही सुचले नाही. गोदाम त्यांचे गेले होते, तेव्हा राग त्यांनाही होताच. रात्री बऱ्याच वेळाने ते दादीजींना म्हणाले, ‘मालाला नाव ठेवावं, पण ज्याच्या घरी तोच माल शिजतो त्याच्यासमोर ठेवू नये.’ दादीजींचे मत वेगळे पडले. नाव ठेवणे समोर असो की मागे, सारखेच, असे त्या म्हणाल्या आणि माळ घेऊन बसल्या.

पुढच्या सभेत ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी संमत झाला. हायस्कुलात आधीच शिकत असलेल्यांना तेथेच राहू दिले, नव्याने नववीत येणाऱ्यांना नाही. धाकटा नातू अजून दुसरीत आहे. त्याची पाळी येईपर्यंत रेघ आणखी कोठे सरकेल, कोण सांगणार? अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावरील क्युपर्टिनोत २०२१ साली प्राथमिक शाळा मंडळाने दोन शाळा बंद करण्याचे ठरविले. तेथे मुलेच उरली नव्हती. घरे इतकी महागली की लहान मुले असलेल्या कुटुंबांना तेथे घर परवडेना. एकीकडे ओट्यावर माल आणि दुसरीकडे रिकाम्या वखारीला कुलूप. मंडळाने पाच-दहा वर्षांचा अंदाज बांधावा, ही अपेक्षा अवाजवी नाही. मात्र हरभऱ्याची पुढच्या सालची आवकही दाळमंडईत कोणाला अचूक सांगता आलेली नाही, हेही दादाजींनी मान्य केले. त्यांचा आक्षेप निराळा होता. अंदाज चुकला तर व्यापारी आपल्या गाठीचे घालवितो. येथे चूक मंडळाची आणि घाटा रस्त्याच्या एका बाजूच्या घरांचा. नकाशा आधी छापून मग पालकांना बोलावण्याऐवजी, खोल्या भरू लागल्या त्याच वर्षी बोलावले असते तर निदान घर घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घेतले असते. हा आक्षेप चुकीचा म्हणता येणार नाही.

परतीच्या आधीच्या शनिवारी दादाजी नातीला घेऊन नव्या शाळेपर्यंत चालत गेले. पंचेचाळीस मिनिटे लागली, वाटेत दोन मोठे चौक. पोर्टेबल येथेही होत्या, पण थोड्या. नातीने जाळीतून मैदान पाहिले, वाद्यवृंदाची खोली कोणती असेल ते विचारले आणि मैत्रिणीला पाठवावयास एक फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिल्पिटासचे जैन भवनही २००० सालचेच; फ्रीमाँटची ती भांडणे चालू होती त्याच वर्षी येथे प्रतिष्ठा झाली. पाठशाळा सुटल्यावर मुलगा जिन्याशी घुटमळत होता. ताई पुस्तके आवरून बाहेर आल्या, तसा तो पुढे झाला. ‘जय जिनेंद्र, ताई. त्या दिवशी मी जे बोललो...’ पुढे त्याला शब्द सापडेनात. ताईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

‘आमची गाडी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी निघते,’ त्या म्हणाल्या. ‘मागची सीट रिकामीच असते. ऑगस्टमध्ये फोन करा.’