वरची पेज, खालची शितं

चित्रपट पाहून रडण्याचं प्राथमिक शिक्षण आमच्या पिढीला शाळेतूनच मिळालं. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' आला १९५३ साली, पण त्यानंतर कित्येक वर्षांनी आमच्या शाळेने आम्हाला तो दाखवायला नेलं. आम्ही रांगेने गेलो, रांगेने रडलो आणि रांगेनेच परत आलो. जो रडला नाही त्याच्याकडे गुरुजी आठवडाभर संशयाने पाहत होते. या पायावर पुढे ज्याने त्याने आपापल्या ऐपतीप्रमाणे इमारत बांधली. बायका उघड रडतात आणि मोकळ्या होतात. पुरुषाचं तसं नाही. पुरुषाला थिएटरात सर्दी होते. तो आधी खाकरतो, मग चष्मा काढून पुसतो, आणि प्रकरण अगदीच गळ्याशी आलं तर "एसी फार वाढवलाय लेकांनी" असं शेजारच्या अनोळखी माणसाला सांगतो. शेजारच्यालाही त्याच वेळी सर्दी झालेली असल्यामुळे तो लगेच मान डोलावतो.

आमच्या घरात या खात्याची रीतसर वाटणी झालेली आहे. ही मालिकांना रडते, मी जुन्या नाटकांच्या आठवणींना रडतो, चिरंजीव क्रिकेट हरल्यावर रडतात. नात कॉलेजात आहे. तिला रडू येत नाही. तसा प्रसंगच आला तर ती एक पिवळा रडका चेहरा मैत्रिणीला पाठवून देते आणि मोकळी होते.

तर या नातीने एका शनिवारी रात्री घोषणा केली, की आज सगळ्यांनी मिळून जपानी ॲनिमेशनपट पाहायचा आहे.

"म्हणजे कार्टून ना?" हिने विचारलं.

"आजी, कार्टून नाही म्हणायचं."

"बरं, नाही म्हणत," असं म्हणून ही मेथीची जुडी घेऊन बसली. टीव्हीसमोर रिकामं बसणं हिला पाप वाटतं. त्यातून चित्रं म्हटल्यावर अर्धं लक्ष मेथीला देता येईल असा हिशेब.

जपानी चित्रांशी आमची अगदीच ओळख नव्हती असं नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी जो मोगली यायचा, तो कथेने हिंदुस्थानी, भाषेने हिंदी आणि चित्राने जपानी होता. त्याच वर्षी रामायणावरचा एक देखणा ॲनिमेशनपट आला. तोही युगो साको नावाच्या जपानी गृहस्थांनी पुढाकार घेऊन आणि आपल्या राम मोहन यांना बरोबर घेऊन केलेला. म्हणजे राम आणि मोगली ज्यांनी काढले त्यांच्याच गावचा हा पाहुणा. भीतीचं कारण नव्हतं.

चित्रपटाचं नाव 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज', काजव्यांचं थडगं म्हणा. १९८८ सालचा, दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. आणि सुरू होऊन मिनिटभर होतंय न होतंय तोच यातला नायक मरतो! आपल्याकडे नायकाला मरायचं झालं तर निदान मध्यंतर तरी होऊ देतात. इथे चौदा वर्षांचा सेइता कोबेच्या सान्नोमिया स्टेशनात खांबाला टेकून बसलाय, फाटका, खंगलेला. तारीख २१ सप्टेंबर १९४५. युद्ध संपून महिना झालेला. ती तारीख, आपण मेलो ती तारीख, तो स्वतःच आपल्याला सांगतो. झाडूवाला त्याच्याजवळचा गोळ्यांचा एक गंजका डबा उचलून बाहेर गवतात भिरकावतो. डबा उघडतो, त्यातून हाडांचे चार तुकडे पडतात आणि भोवती काजवे उठतात.

"कुणाची गं हाडं?" हिने विचारलं.

"बघ ना तू," नात म्हणाली.

म्हणजे शेवट काय होणार हे दिग्दर्शकाने आधीच उघड करून टाकलं. आता बघायचं ते फक्त कसं झालं.

झालं ते असं. जून १९४५ मध्ये कोबेवर बी-२९ विमानांनी आगीचे बॉम्ब टाकले. सेइताची आई त्यात भाजून गेली. वडील आरमारात, त्यांचा पत्ता नाही. मागे राहिले सेइता आणि त्याची चार वर्षांची बहीण सेत्सुको. आई गेल्याचं त्याला ठाऊक आहे, तिला नाही. ती शाळेच्या मैदानात उकिडवी बसून आईसाठी रडतेय. तेव्हा हा चौदा वर्षांचा भाऊ काय करतो? तिथे एक लोखंडी दांडा आहे, त्यावर कोलांट्या मारायला लागतो. तिला दिसावं म्हणून एकामागून एक मारतो. ती बघतसुद्धा नाही.

मला त्या क्षणी पहिली सर्दी झाली.

नुसती रंगवलेली चित्रं ही! माणूस नाही, नट नाही, ग्लिसरीन नाही. मग घसा का दाटतो? नातीने मोबाइलवर शोधून माहिती पुरवली, ती अशी. यात चित्रांच्या कडा नेहमीसारख्या काळ्या रेघेने न काढता तपकिरी रेघेने काढल्या आहेत, म्हणून ती माणसं पाठीमागच्या चित्रावर चिकटवल्यासारखी वाटत नाहीत. आणि सेत्सुकोचा आवाज एका पाच वर्षांच्या मुलीचा आहे. एरवी चित्रं आधी होतात आणि आवाज मागाहून भरतात. इथे मूल फार लहान म्हणून तिचं बोलणं आधी टिपून घेतलं आणि चित्रकारांनी त्या बोलण्यामागून चित्रं काढली. म्हणजे चार-दोन मोठमोठी माणसं टेबलावर वाकून, हे पोर इथे थांबलं तेव्हा तोंड कसं झालं असेल, याचा विचार करत बसली असणार. आम्हाला इतकी वर्षं पोरं सांभाळून जे दिसलं नाही ते त्यांनी काढून ठेवलंय. गोळ्या संपल्यावर भाऊ त्या डब्यात पाणी घालून खळखळवतो आणि तिला प्यायला देतो. ती एकेक घोट घेते आणि त्यातल्या फळांची नावं सांगते. साकुमा नावाच्या कंपनीच्या गोळ्या त्या. नातीने असंही सांगितलं की लाल डब्याची ती कंपनी २०२३ च्या जानेवारीत बंद झाली. ही ताबडतोब म्हणाली, "अरेरे!" जणू काही आमच्या कोपऱ्यावरचं दुकान गेलं.

पण हिचे हात मेथीवर थांबले ते इथे नव्हे. ते थांबले पुढे, एका भाताच्या पातेल्यापाशी.

ही दोन पोरं नात्यातल्या एका बाईकडे जाऊन राहतात. आपण तिला मावशी म्हणू. मावशी सुरुवातीला ठीक वागते. मग दिवस जातात, तांदूळ कमी होतो. पोरांच्या आईची किमोनो विकून ती तांदूळ आणते. त्यावर चार दिवस बरे जातात. आणि मग एका जेवणाच्या वेळी ती पेजेच्या पातेल्यात डाव घालते. कामावर जाणाऱ्या मुलीला वाढताना डाव तळाशी जातो आणि शितं घेऊन वर येतो. घरातल्या कमावत्या भाडेकरूलाही तसंच. या दोघांची पाळी आली की डाव वरच्यावर फिरतो. नुसतं पाणी.

बस्स. कोणी ओरडत नाही, संगीत वाजत नाही. एक डाव खाली जातो, एक वर राहतो.

बॉम्ब मी पाहिलेले नाहीत. ईश्वरकृपेने आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी सिनेमातच पाहिले. पण हा डाव? हा डाव दादरपासून नागपूरपर्यंत नातेवाइकांकडे राहून शिकलेल्या प्रत्येक माणसाने पाहिलेला आहे. मी स्वतः दोन वर्षं काकांकडे राहून शिकलो. काकूने मला कधी काही कमी केलं नाही, देवाशपथ. तरीसुद्धा तिसरी पोळी मागताना माझा आवाज आपोआप खाली यायचा, आणि वाढणाऱ्या हाताकडे न बघता ताटाकडे बघायची जी सवय लागली ती अजून आहे. लग्नाच्या पंगतीतही मी ताटाकडेच बघतो. लोक मला विनयशील समजतात.

नात मात्र भडकली होती. "किती दुष्ट आहे ही बाई!"

"दुष्ट कसली?" हिने एकदम तोंड उघडलं. "घरात तांदूळ मोजका. कामावर जाणारी माणसं दोन. आणि हा चौदा वर्षांचा घोडा दिवसभर लोळतोय, स्वतःचं भांडंसुद्धा विसळत नाही. तिने काय करायचं?"

"आजी! त्याची आई मेलीये!"

"म्हणूनच म्हणते, गोड बोलून राहायचं. वेगळी चूल कसली मांडतोय?"

कारण पोराने तोवर खरोखरच शेगडी आणून त्याच घरात वेगळी चूल मांडली होती. वेगळी चूल म्हटल्यावर आमच्या दिवाणखान्यात एकदम चार पिढ्यांचा इतिहास जागा झाला आणि थोडा वेळ चित्रपट थांबवावा लागला.

पुढचं मी फार सांगत नाही. ती दोघं मावशीचं घर सोडून तळ्याकाठच्या एका बिळासारख्या आसऱ्यात जाऊन राहतात. रात्री मच्छरदाणीत काजवे सोडतात. सकाळी सेत्सुको खड्डा खणून मेलेले काजवे पुरते, आणि पुरता पुरता भावाला सांगते, की आईपण अशीच मातीत आहे, मला मावशीने सांगितलंय. इतके दिवस जे लपवण्यासाठी हा बिचारा कोलांट्या मारत होता, ते तिला कधीच ठाऊक होतं. आईचे ७००० येन बँकेत आहेत, पण विकतच काही मिळत नाही. डॉक्टर सांगतो, हिला औषध नको, अन्न हवं. आणि एके दिवशी ती भावासाठी पानं मांडते आणि मातीचे मुटके वाढते. भाताचे म्हणून.

दिवे लावायला कोणी उठलं नाही. चिरंजीव एसीविषयी काहीतरी म्हणाले. आमच्याकडे एसी नाही.

मग नात हळू आवाजात वाचायला लागली. मूळ कथा आकियुकी नोसाका यांची, १९६७ सालची. कोबेच्या हल्ल्यानंतर त्यांची स्वतःची धाकटी बहीण उपासमारीनेच गेली होती. कथेतला भाऊ आपल्यापेक्षा फार चांगला आहे, आपण इतकं प्रेमाने वागलो नव्हतो, असं ते पुढे सांगत. ताकाहाता स्वतः नऊ वर्षांचे असताना ओकायामाच्या हल्ल्यातून बहिणीबरोबर पळालेले. तरी हा युद्धविरोधी चित्रपट नव्हे, असं ते आग्रहाने म्हणत.

"बरोबर आहे," ही म्हणाली. "युद्धाचा नाहीच तो. वाढण्याचा आहे." आणि निम्मी निवडलेली मेथी तशीच फ्रिजमध्ये टाकून झोपायला गेली.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. मला वाटलं झोप लागली असेल.

"अहो," अंधारातून आवाज आला. "भाऊजींना मी कधी वरची पेज वाढली का हो?"

माझा धाकटा भाऊ १९७९ साली शिकायला आमच्याकडे आला होता. डोंबिवलीला दोन खोल्या. साखर रेशनकार्डावर, रॉकेलला रांग, पामतेल आलं की गल्लीत दिवाळी. माझा पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत माझ्याशी बोलत असे. ही तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची, कडेवर पोर.

"आपल्याकडे पेज नव्हतीच," मी म्हणालो. "आमटी होती."

"तेच विचारतेय."

मी सांगितलं, की नाही, कधीच नाही. हिला ते पटलं नाही. नवऱ्याची साक्ष अशा खटल्यात धरत नाहीत. हिने दिवा लावला, चष्मा लावला आणि पावणेबाराला धाकट्याला फोन केला. इतक्या रात्री फोन म्हटल्यावर तो घाबरलाच. "दादा बरा आहे ना?" हा त्याचा पहिला प्रश्न मलाही ऐकू आला.

"ते बरे आहेत. भाऊजी, एक खरं सांगा. माझ्याकडे होतात तेव्हा पोटभर मिळायचं ना तुम्हाला? तळातली डाळ मी यांनाच वाढायचे का हो?"

पलीकडे बराच वेळ शांतता. माणूस पासष्टीचा आहे, निवृत्त आहे, रक्तदाबाची गोळी घेऊन झोपलेला.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमची आमटी पातळ असायची हे खरं आहे. पण ती सगळ्यांना पातळ असायची. आणि तुमच्या वाटीत सगळ्यांत पातळ. मी बघायचो."

हिने फोन ठेवला. डोळे पुसले. मला वाटलं, चला, निकाल लागला, आता झोप.

"पातळ असायची म्हणाले ना?" ही म्हणाली. "इतकी वर्षं बोलले नाहीत."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणात मेथीची भाजी होती, आणि आमटीत डाव उभा राहील इतकी डाळ होती. दुपारी नातीने आणखी एक जपानी चित्रपट काढला. हयाओ मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो'. हा आणि कालचा, हे दोन्ही एकाच स्टुडिओने १६ एप्रिल १९८८ या एकाच दिवशी जोडीने, एका तिकिटात दोन, असे थिएटरात लावले होते म्हणे! ज्यांना टोटोरो आधी आणि काजवे नंतर दाखवले, ते प्रेक्षक घरी कसे पोचले असतील देव जाणे.

हिने मटाराच्या शेंगा घेतल्या, पण सोलायला सुरुवात केली नाही.

"आधी सांग, यात आई मरते का?"

"नाही गं आजी. आजारी आहे. हॉस्पिटलात आहे."

"बरी होते ना? नक्की?"

"होते. शेवटी नावं येतात तेव्हा घरी आलेली दाखवलीये."

"मुली जेवतात?"

"मस्त काकड्या खातात. मक्याचं कणीसपण आहे."

"मग लाव," ही म्हणाली, आणि शेंग मोडली.

यातही दोन भावंडंच होती, थोरली आणि धाकटी. धाकटी आईला कणीस द्यायला निघाली आणि हरवली तेव्हा हिचे हात पुन्हा थांबले. तेवढ्यात झाडीतून बस आली. मांजराची बस, डोळ्यांचे दिवे, खाली ओळीने पाय, आत लोकरीची गादी. थोरलीने पत्ता सांगितला आणि बस तारांवरून सुसाट निघाली.

"बघा," ही मला म्हणाली, "कुठे जायचंय म्हटल्यावर लगेच निघाली. आपल्या स्टेशनवरच्या रिक्षा बघा."