औदुंबराचे व्रत आणि प्रेक्षकांचे मत

1938 साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने पडद्यावर आणलेल्या ‘ब्रह्मचारी’ या बोलपटाविषयी प्रेक्षकांची जी मते बनली, ती जवळजवळ सगळी एका गाण्याभोवती आणि त्या गाण्यात मीनाक्षी शिरोडकर यांनी घातलेल्या पोहण्याच्या पोशाखाभोवती गोळा झाली; उरलेला बोलपट, म्हणजे आचार्य अत्र्यांची मिस्कील कथा, त्यांचे खटकेबाज संवाद, मास्टर विनायकांचे दिग्दर्शन आणि त्यांनीच रंगवलेला भाबडा नायक, हे सारे त्या पाण्याच्या काठी जणू कपडे सांभाळत बसले. गाजलेल्या कलाकृतीच्या वाट्याला असे दुर्दैव अधूनमधून येते. येथे मात्र त्याला एक चमत्कारिक पदर आहे. कारण बोलपटाची थट्टा ज्या गोष्टीवर आहे, नेमकी तीच गोष्ट प्रेक्षागृहात घडली.

कथा साधी आहे. औदुंबर नावाचा चारचौघांसारखा तरुण देशभक्त जटाशंकरांचे ब्रह्मचर्य आणि राष्ट्रसेवा यांची सांगड घालणारे व्याख्यान ऐकून भारावतो, हौसेने जमवलेली सिनेनट्यांची चित्रे फेकून देतो, व्यायामाला लागतो आणि आचार्य चंडीरामांच्या संस्थेत व्रतस्थ होऊन दाखल होतो. पुढे तेथे किशोरी, म्हणजे मीनाक्षी शिरोडकर, येते आणि व्रताचे तीनतेरा वाजतात. व्यायाम, ब्रह्मचर्य आणि देशकार्य यांचा एकत्र उपदेश करणारी व्याख्याने त्या काळच्या महाराष्ट्रात तरुणांच्या कानांवर सतत पडत असत, त्यामुळे औदुंबर कोण आणि चंडीराम कोण हे प्रेक्षकाला वेगळे सांगावे लागत नव्हते. अत्र्यांनी ‘साष्टांग नमस्कार’ या नाटकात 1933 मध्येच सूर्यनमस्काराच्या वेडाची टर उडवली होती. ‘ब्रह्मचारी’त त्यांनी तीच लेखणी आणखी नाजूक जागी टेकवली. विडंबन म्हणजे एखाद्या गोष्टीचे रूप तसेच ठेवून तिचा आव तेवढा फुगवून दाखवणे, आणि ही कला अत्र्यांना इतकी साधलेली होती की व्रताची टिंगल होत असतानाही व्रत घेणाऱ्या पोराविषयीची माया आटत नाही. औदुंबर ढोंगी नाही. तो मनापासून ब्रह्मचारी होतो आणि तितक्याच मनापासून प्रेमात पडतो; ढोंग असलेच तर ते त्याला उपदेश करणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या पदरी टाकलेले आहे. चंडीरामांची भूमिका दामुअण्णा मालवणकरांकडे होती, आणि स्त्रीकडे पाहू नये असे बजावणारा आचार्य म्हणून, तिरळी नजर हेच ज्याचे हुकमी हत्यार आहे असा विनोदी नट समोर यावा, यातली गंमत कोणी मुद्दाम योजली नसेल तर ती नशिबाने साधली, असेच म्हणावे लागेल.

प्रणयप्रधान विनोदी बोलपट, म्हणजे ज्यात प्रेमाच्या आड येणारा अडथळा दुःखाने न सुटता हसण्याने सुटतो असा प्रकार, मराठी पडद्यावर त्या वेळी फारसा मुरलेला नव्हता. आदल्याच वर्षी, 1937 मध्ये, प्रभातच्या ‘कुंकू’त शांता आपटे यांची नीरा जरठविवाहाविरुद्ध उभी ठाकली होती, ती नायिका तेजस्वी खरी, पण तिचे तेज अन्यायाच्या घर्षणातून निघालेले होते. किशोरीवर कोणी अन्याय केलेला नाही. तिला एक तरुण आवडतो, तो व्रताच्या आड लपून बसला आहे हे तिला दिसते, आणि त्याला बाहेर कसे काढायचे ते ती हसतखेळत ठरवते. सोसणाऱ्या बाईला पदराने डोळे टिपून दाद देणारा प्रेक्षक ठरवणाऱ्या बाईपुढे थोडा बावचळला असल्यास नवल नाही.

त्या बावचळण्यामागे नजरेचे जुने वळणही होते. 1916 च्या ‘संशयकल्लोळ’मध्ये, म्हणजे मराठी रंगभूमीवरच्या सर्वांत लाडक्या प्रणयी सुखात्मिकेत, रेवती झाले होते ते बालगंधर्व. स्त्रीपार्टी, म्हणजे स्त्रीची भूमिका करणारा पुरुष नट, ही त्या रंगभूमीची रीतच होती, आणि शालू, दागिने, मान वेळावण्याची ढब यांतून स्त्रीत्वाची जी मूर्ती घडली होती ती अंगभर वस्त्रांनीच पूर्ण होत असे. नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या त्या 1933 मध्ये, म्हणजे ‘ब्रह्मचारी’च्या अवघी पाच वर्षे आधी. पुण्यातला चाळिशीचा एखादा रसिक ‘ब्रह्मचारी’ पाहायला बसला असेल, तर त्याच्या डोळ्यांनी शालूतल्या गंधर्वांपासून पोहण्याच्या पोशाखातल्या मीनाक्षींपर्यंतचा पल्ला एका आयुष्याच्या मध्यावरच ओलांडला होता. असे डोळे दिपले काय आणि वटारले काय, दोन्ही समजण्यासारखे आहे.

‘यमुनाजळी’ या शब्दाने सुरू होणारे ते गाणे मात्र जरा जवळून पाहण्याजोगे आहे. शब्द अत्र्यांचे, चाल दादा चांदेकरांची. पडद्यावर दिसते ते नव्या धाटणीचे, पाश्चात्त्य वळणाचे रूप, आणि कानांवर पडते ती यमुना आणि कन्हैया यांची जुनी भाषा. गौळण हा मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला काव्यप्रकार आहे. त्यात कृष्ण गोपींची वाट अडवतो, खोड्या काढतो आणि गोपी तक्रार करतात. संतांच्या रचनांतून तो देवळात गेला आणि तमाशाच्या फडातही मानाने राहिला. अत्र्यांनी या जुन्या नात्याची बाजू उलटवली. येथे पाण्यात खेळायला बोलावते ती गोपी, आणि पळ काढावा की थांबावा या पेचात सापडतो तो कान्हा, तोही जोर-बैठका काढून कमावलेल्या निग्रहासह. गाण्यातला विनोद पोशाखात नाहीच, तो या उलटापालटीत आहे. आणि शब्दांवर बोट ठेवावे तर भजनातल्या यमुनेवरच बोट ठेवल्यासारखे होणार. तेव्हा आक्षेपाला जागा उरली ती कपड्यांची.

आक्षेप पुष्कळ झाला. सनातनी वळणाच्या मंडळींनी नाके मुरडली, संस्कृती बुडाली असे उद्गार निघाले, आणि तरीही, किंवा म्हणूनच, प्रेक्षकांची रीघ लागली. या विरोधकांची खरी अडचण अशी होती की त्यांचा मजकूर अत्र्यांनी आधीच लिहून ठेवलेला होता. स्त्रीच्या दर्शनाने तरुण बिघडतो, हा त्यांचा मुद्दा पडद्यावर जटाशंकर आणि चंडीराम यांच्या तोंडून प्रेक्षकाने नुकताच ऐकलेला, आणि त्याला तो पोट धरून हसलेला. मग तोच मुद्दा गंभीर चेहऱ्याने पुन्हा मांडणारा टीकाकार बोलपटातलेच एक उरलेले पात्र वाटला तर त्याला कोण काय करणार? दुसऱ्या बाजूचे, नुसते गाणे पाहायला पुन्हा पुन्हा जाणारे प्रेक्षकही या सापळ्यातून सुटले नाहीत. नट्यांची चित्रे जमवणारा पहिल्या अर्ध्या तासातला औदुंबर तो त्यांचाच भाऊबंद. विरोधक आणि चाहते, दोघांनाही बोलपटाने आपल्यात ओढून घेतले, आणि दोघांपैकी फारच थोड्यांना ते जाणवले असावे.

या गदारोळात अभिनेत्रीचे काय झाले? मीनाक्षी शिरोडकर, पूर्वाश्रमीच्या रतन पेडणेकर, हंसच्या कॅमेऱ्यापुढे आल्या त्या गाण्याची तालीम आणि रेडिओवरच्या नाटकांचा अनुभव गाठीशी घेऊन, आणि विवाहित गृहिणी म्हणून. नभोनाट्यात, म्हणजे केवळ ऐकण्यासाठी केलेल्या नाटकात, नटाजवळ आवाजाखेरीज काही नसते. शब्द कोठे लांबवायचा, कोठे तोडायचा, हसू वाक्याच्या आधी आणायचे की नंतर, हे सारे गळ्यानेच सांगावे लागते. त्यांचे संवादातले चापल्य आणि गाण्यातला मोकळेपणा तेथूनच आलेला असावा. किशोरी धीट आहे, पण उथळ वाटत नाही, याचे श्रेय पोशाखाचे नाही आणि सर्वस्वी संहितेचेही नाही. औदुंबराच्या व्रताकडे ती तुच्छतेने न पाहता कौतुकमिश्रित कीव करत पाहते, तो भाव अभिनेत्रीने आणलेला आहे. पुढच्याच वर्षी ‘ब्रँडीची बाटली’त त्या पुन्हा अत्रे-विनायकांबरोबर होत्या, नंतरही त्यांनी पुष्कळ काम केले, पण लोकांच्या बोलण्यात त्यांची ओळख पोहण्याच्या पोशाखापुढे सरकली नाही, आणि सरकली तेव्हा ती नम्रता आणि शिल्पा शिरोडकर यांची आजी अशी झाली. नटीच्या कामाचा हिशेब मांडण्याची ही पद्धत कंजूष आहे.

आजचा प्रेक्षक ‘ब्रह्मचारी’ बहुधा तेवढ्या गाण्यापुरताच पाहतो आणि ‘त्या काळी सुद्धा!’ असे आश्चर्य व्यक्त करून पुढे जातो. त्याच्या आश्चर्यात तक्रार नाही, उलट अभिमानच आहे. परंतु सुट्या तुकड्यात जटाशंकर नाहीत, चंडीराम नाहीत, फेकून दिलेली चित्रे नाहीत, त्यामुळे औदुंबर इतका घाबरतो कशाला याचा पत्ता लागत नाही आणि मीनाक्षी केवळ काळाच्या पुढे गेलेली एक धाडसी स्त्री उरते. 1938 च्या रागावलेल्या प्रेक्षकाने निदान अख्खा बोलपट पाहून राग धरला होता, एवढे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे.